फलाटापासून फळ्यापर्यंत

पाहुण्या वक्त्याचे व्याख्यान हा महाविद्यालयाच्या वेळापत्रकाबाहेरचा, पण अभ्यासक्रमाला जोडून घेतलेला तास असतो. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत विपणन वर्षभर शिकवले जाते. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेले चार 'पी', म्हणजे प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, आणि १९६७ पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत आलेले फिलिप कोटलर यांचे 'मार्केटिंग मॅनेजमेंट' यांच्या आधाराने प्राध्यापक संकल्पना समजावतात, विद्यार्थी त्या परीक्षेपुरत्या पाठ करतात. त्याच संकल्पना पुन्हा ऐकवण्यासाठी बाहेरून माणूस बोलावण्याचे कारण नाही. बाजारात काम केलेल्या माणसाकडे वर्गाला देण्यासारखी एक गोष्ट असते: माहिती अपुरी असताना, पैसे पणाला लागलेले असताना आणि तारीख डोक्यावर असताना घेतलेला निर्णय. असा एक निर्णय आकड्यांसकट आणि अडचणींसकट मुलांसमोर उलगडायचा आणि शेवट सांगण्याआधी तो त्यांना घ्यायला लावायचा. चांगले व्याख्यान एवढ्यावर उभे राहते. तो निर्णय मुलांच्या रोजच्या वाटेवरचा असला तर वक्त्याचे अर्धे काम आधीच झालेले असते.

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले, समुद्रापासून आत, बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले दोन शेजारी तालुके. इथे दोन तऱ्हेचे वर्ग भेटतात. कर्जतचे कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय किंवा खोपोलीचे के.एम.सी. महाविद्यालय इथली बरीच मुले आसपासच्या गावांतून आणि वाड्यांतून येतात. कोणाच्या घरी थोडी भातशेती, कोणाचे वडील कारखान्यात, कोणाचे रिक्षावर, कोणाची आई बचत गटात. दुसरीकडे कर्जतजवळच्या कुशिवलीत युनिव्हर्सल बिझनेस स्कूल आहे, जे आता युनिव्हर्सल एआय विद्यापीठ झाले आहे. तिथे बाहेरगावची मुले वसतिगृहात राहून शिकतात आणि मोठ्या कंपन्यांतले अधिकारी बोलायला येणे ही त्यांच्यासाठी नित्याची बाब असते. एकच व्याख्यान दोन्हीकडे चालत नाही. इथे पुढे जे मांडले आहे ते मुख्यतः पहिल्या तऱ्हेच्या वर्गासाठी. तिथे पाहुणे कमी पोहोचतात, आणि विपणनाची जिवंत उदाहरणे मात्र वर्गाच्या खिडकीतून दिसण्याइतकी जवळ असतात.

तयारीची सुरुवात चौकशीने होते. वर्ग कोणत्या वर्षाचा, किती मुलांचा, अभ्यासक्रमातले काय शिकवून झाले आहे, मुले मराठी माध्यमातून आलेली किती, वेळ कोणती, हे प्राध्यापकांना आधीच विचारावे. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा, जो बहुतेक वक्त्यांना सुचत नाही: मुलांची गाडी कितीची? कर्जत-खोपोली हा फाटा एकेरी मार्गाचा आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही स्थानके घेत जाणारी लोकल एकदा चुकली की पुढच्या गाडीसाठी चांगलेच ताटकळावे लागते. वाड्यांकडे जाणाऱ्या एसटीचेही तसेच. ठरावीक वेळ झाली की मुले घड्याळाकडे बघू लागतात, आणि वक्त्याला वाटते की आपले बोलणे कंटाळवाणे झाले. मुलांना गाडी गाठायची असते, इतकेच.

तासाचा हिशेबही आधीच करावा. परिचय, शाल-श्रीफळ, आभार आणि छायाचित्रे यांत पंधरा-वीस मिनिटे जातात. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयाला अशा कार्यक्रमाचा अहवाल लागतो, त्यामुळे हे टाळता येत नाही आणि टाळण्याचा आग्रहही धरू नये. सत्कार शेवटी ठेवावा, एवढी विनंती करता येते. हाती चाळीस मिनिटे येतील असे धरून पस्तीस मिनिटांचे बोलणे तयार ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये या पट्ट्यात पाऊस कोसळत असतो. छत पत्र्याचे असेल तर त्या आवाजात ध्वनिक्षेपकही हरतो आणि वीज केव्हाही जाते. म्हणून व्याख्यान खडू आणि फळा यांवर उभे राहील असेच बांधावे. प्रोजेक्टर चालला तर दोन छायाचित्रे दाखवावीत. तो नसल्याने काही अडले तर ते व्याख्यान मुळातच कच्चे होते असे समजावे.

वक्त्याने ठरलेल्या वेळेच्या एक गाडी आधी यावे आणि बाजारातून चालत महाविद्यालय गाठावे. किराणा दुकानाच्या दारात पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा कोणत्या कंपन्यांच्या लटकताहेत, फ्रीजमध्ये पुढच्या कप्प्यात काय आणि मागे काय, भाताच्या बियाण्याच्या पिशव्या कोणत्या, खताच्या दुकानावर पाटी कोणाची, हे अर्ध्या तासात दिसते. वर्गात गेल्यावर "तुमच्या स्टेशनरोडवरच्या दुकानात" असे म्हणून बोलायला सुरुवात केली की शेवटच्या बाकापर्यंत मान वर होते. मुंबईतल्या मॉलचे उदाहरण दिले की तीच मान वहीत जाते.

व्याख्यानासाठी एकच प्रकरण निवडायचे असेल तर कर्जतचा फलाट निवडावा. बोरघाटातून जाणारा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. घाटातली चढण सदतीसला एक इतकी तीव्र आहे, म्हणून मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेच्या भाषेत ते बँकर. ती जोडली जाईपर्यंत गाडी थांबते. त्या थांब्यावर दिवाडकरांचा बटाटावडा नावारूपाला आला आणि घाट चढणाऱ्या प्रवाशांच्या कित्येक पिढ्यांनी तो खिडकीतून हात बाहेर काढून घेतला. ही गोष्ट वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. म्हणूनच तिच्यावर प्रश्न विचारता येतो: वडा चवीमुळे खपतो की थांब्यामुळे?

उत्तर लगेच तोंडी घेऊ नये. प्रत्येकाला वहीत एक शब्द लिहायला सांगावा, मग हात वर करायला सांगावे. वर्ग दुभंगतो, आणि तिथून विपणन सुरू होते. गाडी काही मिनिटेच उभी असते. गिऱ्हाइकाला खाली उतरण्याची भीती वाटते. म्हणजे माल गिऱ्हाइकापर्यंत गेला पाहिजे. सुट्ट्या पैशांचा घोळ घालायला वेळ नाही, म्हणजे किंमत कशी ठेवावी? चटणी ओली द्यावी की सुकी, जेव्हा खाणारा हलत्या डब्यात मांडीवर कागद घेऊन बसणार आहे? पदार्थ एक ठेवावा की दहा? जाहिरातीचे काम इथे आरोळी करते, वास करतो की शेजारच्या प्रवाशाच्या हातातला कागद? आणि पुण्याला दर शुक्रवारी जाणारा माणूस पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच खिडकीत बसणार असेल, तर एकदा शिळा माल देऊन काय गमावले जाते? चारही 'पी' मुलांच्या तोंडून आपोआप येतात. वक्त्याने फक्त ते फळ्यावर त्या त्या रकान्यात लिहायचे. पुस्तकात वाचलेल्या चौकटीत आपल्याच फलाटावरचा माल बसतो हे ज्या क्षणी लक्षात येते, त्या क्षणी मुले टिपणे काढू लागतात. त्यासाठी कोणाला सांगावे लागत नाही.

मग प्रश्न अवघड करावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी बसवलेल्या असल्याने तिला घाटात बँकर लागत नाही, आणि ती कर्जतला न थांबता जाते. उद्या बऱ्याचशा गाड्या अशाच झाल्या तर फलाटावरच्या विक्रेत्याने काय करावे? इथे थिओडोर लेव्हिट यांचा 'मार्केटिंग मायोपिया' हा १९६० सालचा लेख आठवणीने सांगावा. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या स्वतःला रेल्वेच्या धंद्यात समजत राहिल्या, वाहतुकीच्या धंद्यात समजल्या नाहीत, म्हणून मोटारींनी आणि विमानांनी त्यांचे गिऱ्हाईक नेले, असे त्यात म्हटले आहे. कर्जतच्या वर्गात हा लेख परका वाटत नाही. वडेवाला थांब्याच्या धंद्यात आहे की खाण्याच्या? मुले सुचवतात: शहरात दुकान काढावे, लोकलच्या प्रवाशांकडे वळावे, गोठवलेला वडा पाकिटात विकावा, फार्महाऊसवर पोहोचवावा. प्रत्येक सूचनेला वक्त्याने एकच प्रतिप्रश्न करावा: त्यासाठी पहिल्या महिन्यात किती पैसे घालावे लागतील आणि कोणाचे? पनवेल-कर्जत उपनगरी मार्गामुळे प्रवाशांची दिशाच बदलू शकते, हेही कोणीतरी मुलगाच सांगतो. असे घडले की वक्त्याने बाजूला होऊन ऐकावे.

खोपोलीत हाच धडा रस्त्यावरून शिकवता येतो. जुना मुंबई-पुणे महामार्ग खोपोलीतून घाटाला लागतो. घाट चढण्याआधी पाणी, चहा, वडा आणि हवा भरणे यांसाठी गाड्या थांबत. रमाकांत वडा हे नाव त्या थांब्याचेच. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला आणि थांबण्याची सवय खालापूरच्या टोलनाक्यापलीकडच्या फूड मॉलकडे सरकली. जुन्या रस्त्यावरच्या माणसाचा माल तोच राहिला, भाव तोच राहिला, फक्त गिऱ्हाइकाची वाट बदलली. वर्गात विचारावे: तुमच्या घरी किंवा शेजारी कोणाचे दुकान जुन्या रस्त्यावर होते? हात वर येतात. टायरचे दुकान, हॉटेल, पानटपरी, आणि त्यानंतर कोणी काय केले याची खरी हकिगत ऐकायला मिळते. बाहेरच्या वक्त्याजवळ असलेल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा ती मोलाची असते, आणि सांगणाऱ्या मुलाकडे वर्ग त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने बघतो.

आकड्यांशिवाय मात्र हे सगळे गप्पांवर येते. वीस मिनिटांनंतर फळ्यावर एक हिशेब मांडावा, आणि तो मुलांनीच करावा. नमुन्यादाखल बचत गटाच्या नाचणीच्या लाडवांचे पाकीट घ्यावे, छापील किंमत १०० रुपये. करांचा भाग बाजूला ठेवून विचारावे: गटाच्या हाती किती येतात? पहिले उत्तर हमखास शंभर असते. दुकानदाराचे मार्जिन २० रुपये, वितरकाचे ८; गटाकडे ७२ आले. कच्चा माल ४०, पाकीट आणि लेबल ९, वाहतूक ५, एकूण खर्च ५४. राहिले १८. इथे वर्ग खूश असतो. मग सांगावे की शंभर पाकिटांतली दहा मुदत संपून परत आली आणि दुकानदाराने त्यांचे पैसे कापले. ९० पाकिटांचे ७२ प्रमाणे ६४८०, खर्च मात्र शंभर पाकिटांचाच, ५४००. उरले १०८०. आणि शंभर पाकिटे बनवायला चार बायका दिवसभर राबल्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला २७० रुपये. मजुरी तर खर्चात धरलीच नव्हती, हे कोणाच्या ध्यानात आलेले नसते. त्या क्षणी वर्ग गप्प होतो, कारण त्यांतल्या काही जणांच्या आया हेच काम करत असतात.

ही शांतता भरून काढण्याची घाई करू नये. थोडे थांबून प्रश्न टाकावा: आता काय बदलाल? किंमत वाढवाल, पाकीट लहान कराल, वितरक काढून थेट फार्महाऊसच्या स्वयंपाकघराला द्याल, की लाडवाऐवजी जास्त टिकणारा माल कराल? प्रत्येक उत्तराने वरच्या हिशेबातला एक तरी आकडा बदलतो, तो बदलून दाखवावा. प्रायमरी सेल म्हणजे कंपनीने वितरकाला विकलेला माल आणि सेकंडरी म्हणजे वितरकाने दुकानात विकलेला, हा फरक पाठ्यपुस्तकात असला तरी परत आलेल्या त्या दहा पाकिटांशिवाय तो कळत नाही. विक्री गिऱ्हाइकाच्या घरात माल संपल्यावर पूर्ण होते. वितरकाच्या गोदामात पोहोचलेला माल अजून विकलेला नसतो. विपणनातली बरीच संकटे या एका गफलतीतून आलेली आहेत.

प्रश्न विचारण्याचीही रीत असते. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत रूढ केली: व्याख्यान थांबवून एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा मत नोंदवायचे. त्यांचे 'पीअर इन्स्ट्रक्शन' हे पुस्तक १९९७ चे. भौतिकशास्त्रासाठी घडवलेली ही रीत विपणनाला जास्तच शोभते, कारण इथे शेजाऱ्याला पटवणे हाच विषय आहे. कर्जत-खोपोलीच्या वर्गात तिचा आणखी एक फायदा होतो. दीडशे जणांसमोर उभे राहून बोलायला जी मुलगी लाजते, ती बाकावरच्या मैत्रिणीशी ठामपणे वाद घालते. दोन मिनिटांनी तिला विचारले की "तुमच्या बाकाचे काय ठरले?", तर ती उत्तर देते, कारण ते एकटीचे उरलेले नसते.

बोलणे मराठीतच असावे. मार्जिन, स्कीम, टार्गेट, ब्रँड हे शब्द तसेच ठेवावेत. दुकानदारही तेच बोलतो आणि नोकरीच्या मुलाखतीतही तेच लागतात. पण वाक्य मराठी हवे, म्हणजे विचार करायला मुलांना आपल्या भाषेची जागा राहते. सुरुवातीची दोन मिनिटे इंग्रजीत बोलून मग मराठीवर येण्याची काही वक्त्यांना सवय असते. ती सोडावी. त्या दोन मिनिटांत मागचे चार बाक गमावलेले असतात.

वेळ असेल, किंवा दुसऱ्यांदा बोलावणे आले, तर मन वळवण्याचे अवघड प्रकरण घ्यावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर खपता खपत नव्हते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. माल विकण्याआधी वाचक घडवावा लागतो हे त्या घराण्याने फार लवकर ओळखले.

त्या गोष्टीची उलटी बाजू आज कर्जत तालुक्यातच बघायला मिळते. नेरळजवळ सगुणा बाग उभी करणारे चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी ही भातलागवडीची रीत विकसित केली. तिच्यात चिखलणी आणि लावणी टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने भोके पाडून भात टोकतात, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा नांगरत नाहीत. पिढ्यान्पिढ्या नांगरणी-चिखलणी केलेल्या माणसाला "नांगरू नका" हे पटवायचे कसे? इथे विकायला डबा नाही, पाकीट नाही. मुख्यतः एक सवय सोडायला सांगायची आहे. शेतकऱ्याला भीती असते ती पैशांची आणि तेवढीच गावात हसे होण्याची. मुलांना विचारावे: तुमच्या आजोबांना हे पटवायचे तर पत्रक द्याल, मोबाइलवर चित्रफीत दाखवाल, की शेजारच्या शेताच्या बांधावर नेऊन उभे कराल? बहुतेक वर्ग तिसरे उत्तर देतो, आणि ते बरोबर आहे. प्रत्यक्ष उभे पीक आणि ते करणारा ओळखीचा माणूस यांच्याइतकी पटणारी जाहिरात शेतीत नाही. कर्जतचे भात संशोधन केंद्रही याच वाटेने गेले आहे. 'कर्जत-३'सारखे वाण शेतांतून पसरले, आणि या तालुक्याचे नाव कोकणभर ज्या मालावर छापून जाते तो माल म्हणजे भाताचे बी.

कारखान्यांचा उल्लेख थोडक्यात पण जरूर यावा. पाताळगंगा, रसायनी आणि खोपोलीच्या पट्ट्यात धागा, रसायने, पोलाद तयार होते. त्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर दिसत नाही, कारण ते विकत घेणारा दुसरा कारखाना असतो. ज्या मुलांचे वडील तिथे पाळी करतात त्यांना ही बाजारपेठ कोणी दाखवलेली नसते. तिथे वेळेवर पोहोचलेला ट्रक आणि प्रत्येक खेपेला सारखी निघणारी प्रत हीच ओळख असते. २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्याजवळ सुरू झालेले आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेलेले इमॅजिका हे मनोरंजन उद्यान, किंवा पावसाळ्यात नेरळहून सुटणारी गाडी बंद झाल्यावरचे माथेरान, यांतून दुसरा मुद्दा निघतो: मंगळवारची रिकामी जागा शनिवारसाठी साठवून ठेवता येत नाही. सेवा विकणाऱ्याचे भावांचे सगळे शास्त्र या वाक्यावर आहे.

आता एक नाजूक जागा. एप्रिल-मेमध्ये करवंदे आणि जांभळे, पावसाच्या तोंडाला शेवळे, मग टाकळा, भारंगी, कंटोळी घेऊन ठाकूर आणि कातकरी बायका स्थानकाबाहेर आणि घाटरस्त्याला बसतात. भावनिश्चिती शिकवायला हे उदाहरण मोहात पाडणारे आहे: छापील किंमत नाही, माल संध्याकाळपर्यंत मऊ पडतो, परतीची गाडी ठरलेली, म्हणून शेवटच्या तासात भाव कोसळतो. पण त्या बाईची नात वर्गात बसलेली असू शकते. वक्त्याने "त्या बायका" असे बोलू नये आणि त्यांना सल्ला देण्याच्या सुरात तर मुळीच बोलू नये. त्या ज्या कौशल्याने गिऱ्हाईक ओळखतात, माप राखतात आणि भाव सोडण्याची वेळ साधतात, ते कौशल्य आहे असे स्पष्ट म्हणावे. मग विचारावे की घासाघीस करणारा मुंबईचा प्रवासी मॉलमध्ये का करत नाही. यातून सौदाशक्ती कोणाच्या हातात असते हे उमगते.

प्लॉटच्या जाहिरातींबद्दलही स्पष्ट बोलावे लागते. कर्जतच्या रस्त्यांवर फार्महाऊस आणि दुसऱ्या घराच्या पाट्या दाट आहेत. अमुक मिनिटांत मुंबई, अमुक मिनिटांत विमानतळ असे दावे त्यांवर असतात. नोंदणी लागू असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा सामान्यतः शेतकरी असावा लागतो. ही माहिती मुलांना घरच्या व्यवहारातही उपयोगी पडते, कारण कित्येकांच्या सातबाऱ्यावर अशा पाटीवाल्यांचे लक्ष असते. पाटी वाचून काय खरे, काय अर्धवट आणि काय गाळलेले हे शोधणे हा विपणनाच्या विद्यार्थ्याचा पहिला सराव असला पाहिजे. जो वक्ता जाहिरातीची ताकद सांगतो आणि तिची जबाबदारी सांगत नाही, तो अर्धाच विषय शिकवतो.

शेवटच्या दहा मिनिटांत प्रश्न येतात, आणि ते नोकरीचे असतात. पगार किती मिळतो, इंग्रजी किती लागते, मुलींना फिरतीची नोकरी झेपेल का. इथे प्रेरणादायी बोलण्याचा मोह आवरावा आणि खरे सांगावे. बहुतेकांची पहिली नोकरी बीटवरची असते: ठरलेल्या वारी ठरलेली दुकाने, ऑर्डर लिहिणे, उधारी मागणे, मुदत संपलेला माल मोजणे. उन्हातान्हाचे काम आहे, पण दुकानदाराशी बोलून जे कळते ते कोणत्याही अहवालात मिळत नाही, आणि विपणनातल्या वरच्या जागांवर पोहोचलेल्या अनेकांचा पाया तिथेच घातलेला असतो. या तालुक्यांतल्या मुलांना वाडीवरच्या दुकानाची भाषा येते, हा त्यांचा गुण आहे. मुलाखतीत तो कसा सांगायचा ते एका उदाहरणाने दाखवावे. स्वतःच्या यशाची चित्रफीत, कंपनीचे माहितीपत्रक, परदेशी ब्रँडचे किस्से हे सगळे गाळले तरी व्याख्यानाचे काही उणे होत नाही.

निघण्यापूर्वी मुलांना एक काम द्यावे आणि त्याची तारीख ठरवावी. कर्जत किंवा खोपोली स्थानकाबाहेर एक तास उभे राहून एकाच विक्रेत्याकडे किती जण थांबले, किती जणांनी घेतले, किती जण भाव विचारून गेले हे मोजायचे. आधी विक्रेत्याची परवानगी घ्यायची आणि नंतर आकडे त्यालाही दाखवायचे. आलेल्या वह्या वक्त्याने स्वतः वाचून दोन ओळी लिहून परत पाठवाव्यात. यात एक संध्याकाळ जाते, पण व्याख्यानाचा परिणाम टिकतो तो यामुळेच. प्राध्यापकांनाही त्या वह्या पुढच्या वर्षी शिकवायला उपयोगी पडतात.

मुंबई-पुण्यात विक्री, जाहिरात किंवा व्यापारात काम करणाऱ्या, आणि विशेषतः या दोन तालुक्यांतून शिकून बाहेर पडलेल्या लोकांनी वर्षातला एक कामाचा दिवस यासाठी काढावा. जूनच्या अखेरीस विभागप्रमुखांना चार ओळींचे पत्र लिहावे आणि सत्रातली सोयीची तारीख मागून घ्यावी. कोणते प्रकरण मांडणार हे त्या पत्रातच कळवावे, म्हणजे प्राध्यापक वर्ग तयार ठेवतील. मुंबईहून कर्जत शंभर किलोमीटर आहे, लोकलने दोन तासांच्या आसपास. खोपोली तिथून आणखी सुमारे पंधरा किलोमीटर.